सांगाडा जुना, हिशोब नवा

इतवारीच्या लोहा ओळीसारख्या लोखंडाच्या बाजारात दांडा घ्यायला आलेला जाणता लेथवाला चकाकीला भुलत नाही. तो आधी पोलादाची ग्रेड विचारतो. साधं एमएस आणि ईएन-८ शेजारी ठेवले तर दिसायला सारखेच, फरक कळतो तो भार पडल्यावर. जुनी लष्करी बंदूक ‘आधुनिक’ करण्याच्या कामालाही हीच कसोटी लावायला हवी. चित्रपटांत आणि व्हिडिओ गेममध्ये कुणी कल्पित कारागीर शंभर वर्षांपूर्वीच्या रायफलीला काळा प्लास्टिकचा दस्ता लावतो, वर दुर्बीण चढवतो आणि रायफल नवी झाली म्हणून मोकळा होतो. ती नुसती सजली, नवी झाली नाही. शस्त्राचं नवेपण डोळ्यांना फारसं दिसत नाही. ते काडतूस, दाब आणि पोलाद यांचा हिशोब पुन्हा मांडण्यात असतं.

याचा पक्का पुरावा कोलकात्याजवळच्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत सापडतो. ली-एन्फील्ड, म्हणजे पोलिसांच्या तोंडची ‘थ्री नॉट थ्री’, मुळात १८९५ ची. तिचा १९०७ मध्ये आलेला आखूड नमुना इशापूरला वर्षानुवर्षं बनत राहिला. १९६० च्या दशकात सैन्यात ७.६२ मिमीची स्वयंचलित भरणीची एसएलआर आली. एकाच सैन्याला दोन जातींची काडतुसं पुरवायची म्हणजे कारखान्यापासून चौकीपर्यंत दुहेरी व्याप. म्हणून जुन्याच सांगाड्यात नवं काडतूस चालवायचं ठरलं आणि २ए व पाठोपाठ २ए१ ही रायफल तयार झाली. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कडा असते. ती अडते म्हणून काडतूस नेमकं तेवढंच आत बसतं. ७.६२ ला तशी कडा नाही, ते पुढच्या खांद्यावर टेकतं. एवढ्या एका फरकापायी नळी, रिकामं काडतूस ओढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिन असं सगळं नव्यानं करावं लागलं. चौकोनी धाटणीचं मॅगझिन ही तिची वरून सहज दिसणारी ओळख.

पण खरी मेख दाबाची आहे. जुन्या काडतुसाची दाबाची मर्यादा सुमारे ३६५ मेगापास्कल, नव्याची सुमारे ४१५. ली रचनेत बोल्ट मागच्या टोकाशी अडकतो. त्यामुळे हात झपाट्यानं चालतो, पण बार उडाला की धक्का अख्ख्या बोल्टभर मागे येतो आणि मधल्या बॉडीला ताण बसतो. म्हणून बॉडीचं पोलादच अधिक ताकदीचं घेतलं गेलं. दोन्ही रायफली हातात घेतल्या तर हा बदल बोटाला जाणवणार नाही, पण तोच नसता तर बाकीची सुधारणा धोक्याची ठरली असती. दुसरा बदल याहून लहान, पण बोलका आहे. २ए वर मागची साईट जुनीच होती, २००० यार्डांपर्यंतच्या आकड्यांची. २ए१ वर ती ८०० मीटरांची झाली. आकडा घटला आणि शस्त्र शहाणं झालं, कारण दोन हजार यार्डांवर एकट्या शिपायानं नेम धरावा अशी लढाई केव्हाच मागे पडली होती.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीच रायफल का नाही घ्यायची? २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईच्या सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, थ्री नॉट थ्री घेतलेले पोलीस दहशतवाद्यांच्या एके रायफलींसमोर किती तोकडे पडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. आक्षेप रास्त आहे, आणि तो २ए१ लाही लागू पडतो. प्रत्येक गोळीमागे बोल्ट हातानं ओढायचा असेल, तर काडतूस बदलून ती मर्यादा जात नाही. मात्र २ए१ मुख्य शस्त्र म्हणून घडलीच नव्हती. ती एसएलआरच्या मागची फळी होती. दोष सुधारणेचा नाही, दुसऱ्या फळीचं शस्त्र पहिल्या फळीत उभं करण्याचा आहे.

दुसरा आक्षेप असा की कुशल कारागिराला हे घरच्या लेथवर का जमू नये? जमणं आणि टिकणं यांत अंतर आहे. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून घेतलेल्या परीक्षेवाचून बॉडीचा भरवसा देता येत नाही. शिवाय १९५९ चा शस्त्र कायदा परवान्यावाचून शस्त्र घडवायला, त्यात फेरफार करायला मनाई करतो. तीच ली रचना, नागरिकांना लष्करी काडतूस मिळू नये म्हणून, .३१५ च्या शिकारी रायफलीत वेगळ्या काडतुसासह उतरली. एकदा कारण पुरवठ्याचं होतं, एकदा कायद्याचं. दोन्ही वेळा आधी काडतूस ठरलं आणि मग त्याभोवती रायफल बेतली गेली. तेव्हा जुन्या शस्त्राच्या नव्या अवताराचं कौतुक करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: काडतूस कोणतं, त्याचा दाब झेलणारं पोलाद कोणतं, आणि हे शस्त्र कोणत्या कामाचं नाही? तिसऱ्याचं उत्तर ज्याच्याकडे नसेल, त्याची पहिली दोन उत्तरंही तपासूनच घ्यावीत.