पदवीच्या जोडीला संज्ञापनाचे शिक्षण

बेळगाव शहरात आज समाविष्ट असलेले शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानातील गाव होते. हातमागावरील साड्यांसाठी त्याची ख्याती होती. येथील विणकरांच्या घरांतील मुले आता विज्ञान, वाणिज्य, कृषी, अभियांत्रिकी अशा शाखांकडे वळली आहेत. घरी मराठी, बाजारात मराठी व कानडी, कचेरीत कानडी आणि महाविद्यालयात बहुधा इंग्रजी, असा या विद्यार्थ्यांचा नित्याचा भाषाव्यवहार असतो. तथापि इंग्रजीतून शिकलेला विषय घरातील वडीलधाऱ्यांस मराठीत समजावून देण्याची वेळ आली, म्हणजे हाच पदवीधर अडखळतो. त्याचे ज्ञान कमी असते असे नव्हे; ते सांगावे कसे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

संज्ञापन म्हणजे वृत्तपत्रातील नोकरीची तयारी, असा समज सर्वत्र आढळतो. तो अपुरा आहे. ऐकणाऱ्यास अगोदर काय ठाऊक आहे, त्याची शंका कोणती, कोणाच्या शब्दावर तो विश्वास ठेवतो आणि त्याच्यापर्यंत कोणत्या साधनाने पोहोचता येईल, यांचा पद्धतशीर विचार या विषयात होतो. म्हणूनच दुसऱ्या एखाद्या विद्येची जोड मिळाली, की तो विशेष फलदायी ठरतो. सांगावयास काही नसेल, तर सांगण्याची कला काय कामाची?

मराठी पत्रसृष्टीचा आरंभच अशा जोडीतून झाला. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे गणित व ज्योतिष यांचे व्यासंगी होते. त्यांच्या पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. दोन भाषांत एकच गोष्ट मांडण्याचे श्रम सीमाभागातील वाचकास निराळे सांगावयास नकोत.

याहून बोलके उदाहरण १९५६ सालचे आहे. त्या वर्षी पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने रेडिओ ग्राममंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडण्यात आली होती. निपाणीस लागून असलेला कोल्हापूर जिल्हा त्यांपैकी एक. आठवड्यातून दोन वेळा ग्रामस्थ रेडिओभोवती जमत, शेती, आरोग्य इत्यादी विषयांवरील कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक पडला नाही. कृषितज्ज्ञाचे ज्ञान दोन्ही ठिकाणी सारखेच पोहोचले होते. फरक पडला तो ऐकणाऱ्यास बोलते केल्याने. (एकतर्फी परिपत्रके काढणाऱ्या कार्यालयांनीही यावर विचार करण्यास हरकत नाही.)

नवीन सुधारणा समाजात कशा पसरतात, यावर १९६२ साली गाजलेला ग्रंथ लिहिणारे अमेरिकन अभ्यासक एव्हरेट रॉजर्स हेही मुळात कृषी पदवीधर होते, हे येथे लक्षात घ्यावे.

अशा दुहेरी अभ्यासाची वाट आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी पूर्ण करण्यास अनुमती दिली. दोन्ही नियमित असल्यास तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. अथवा एक नियमित व दुसरा दूरशिक्षणाचा घेता येतो. पीएच. डी.स ही सवलत लागू नाही. पदवीनंतर हा विषय घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ व धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ ही दोन्ही शहापूरच्या विद्यार्थ्यास त्यातल्या त्यात जवळची आहेत.

प्रवेश घेण्यापूर्वी मात्र काही चौकशी अवश्य करावी. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमास आयोगाची मान्यता आहे काय, आणि राज्य मुक्त विद्यापीठ असल्यास त्याचे कार्यक्षेत्र आपल्या गावापर्यंत येते काय, हे पाहावे. राज्याची सीमा येथे आड येऊ शकते. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येईल, हेही आधीच विचारून घ्यावे. मुख्य पदवीच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक हाती आल्यावरच दुसऱ्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरणे श्रेयस्कर.