पावसाळ्यात फिलामेंट वाळवायचे कसे?

मे महिन्यात बीडची हवा इतकी कोरडी असते की थ्रीडी प्रिंटर चालवणाऱ्याला ओलाव्याची आठवणही होत नाही. जुलैत मात्र फिलामेंटचे, म्हणजे प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचे, उघडे राहिलेले रीळ त्रास देऊ लागते. नोझलमधून चटचट आवाज येतो, वस्तूवर बारीक तंतू लोंबतात, पृष्ठभाग खरखरीत होतो.

पीएलए, पीईटीजी, नायलॉन ही सगळीच प्लास्टिके हवेतली वाफ शोषतात. नायलॉन सर्वांत जास्त. नोझलचे तापमान 200 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. तिथे पोहोचताच या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात. शिवाय पाणी प्लास्टिकच्या लांब रेणूसाखळ्याही तोडते, आणि वस्तू कमकुवत होते.

शाळांमध्ये 2016पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबमुळे थ्रीडी प्रिंटर आता मुलांच्या हाताशी आला आहे. पण फिलामेंटचा वेगळा ड्रायर सगळीकडे असेलच असे नाही. अशा वेळी प्रिंटरचा तापणारा बेड कामी येतो. नोझल पुरेसे वर घ्यावे, रीळ बेडवर आडवे ठेवावे आणि त्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. खोक्याला वरच्या बाजूने भोके पाडायला विसरू नये. कुरडयांना उन्हाइतकाच वारा लागतो, तसेच हेही वाळवण आहे.

30 अंशांची, 85 टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा 50 अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली येते. अशी हवा फिलामेंटमधला ओलावा ओढून घेते. भोकेच नसतील, तर निघालेली वाफ खोक्यातच कोंडते.

तापलेल्या पृष्ठभागावर ठेवून वाळवण्याचे हे तत्त्व मराठवाड्यातल्या शेतमालासाठीही वापरले गेले आहे. 2023चा अर्थशॉट पुरस्कार मिळवणाऱ्या ‘एस4एस टेक्नॉलॉजीज’चा सोलर कंडक्शन ड्रायर विजेशिवाय चालतो. त्यात उन्हाने तापलेला पृष्ठभाग वर पसरलेल्या भाज्यांना उष्णता देतो.

पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून त्याला 45 ते 50 अंश पुरेत. पीईटीजीला 65च्या आसपास, नायलॉनला 70 ते 80 अंश लागतात. खोक्यातली हवा बेडपेक्षा थंड असते. त्यामुळे आत एक साधा थर्मामीटर ठेवावा. पीएलएसाठी मात्र बेड फार चढवू नये, कारण तळाचे वेढे थेट त्यावर टेकलेले असतात. उष्णता वरच्या वेढ्यांपर्यंत सावकाश पोहोचते, म्हणून मध्येच रीळ उलटावे. पीएलएला सहा तास तरी द्यावेत, नायलॉनला बारा किंवा जास्त. काही प्रिंटर रिकामे राहिले की बेड आपोआप बंद करतात, तेही पाहावे. पुठ्ठा आणि तापलेला बेड एकत्र असताना यंत्र सोडून जाऊ नये.

वाळले की नाही, हे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सांगतो. रीळ आधी तोलावे, मग दर दोन-तीन तासांनी. वजन घटायचे थांबले की काम झाले. त्यानंतर रीळ सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघड्यावर ठेवाल, तर पुन्हा ओलावा धरेल.