वीस मीटरांचे अंतर

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाळुंगे लागते. पहिल्या पाळीच्या कामगारांना घेऊन येणाऱ्या बसगाड्यांची आणि मालाने लादलेल्या कंटेनरांची भल्या पहाटे लागलेली रीघ ओलांडून आपण पश्चिमेकडे निघालो, म्हणजे कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरांमागून भामचंद्राचा डोंगर अंधुक प्रकाशात हळूहळू आकार घेऊ लागतो. भंडारा, घोरावडेश्वर आणि भामगिरी या तीन डोंगरांवर तुकोबांनी एकांत शोधला अशी वारकरी परंपरा आहे, आणि त्यांतली भामगिरी ती हीच. आज पायथ्याशी औद्योगिक वसाहतीचा अखंड गजबजाट असला, तरी चढण सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो मागे पडतो, आणि माळावरच्या चंडोलाचे गाणे ऐकू येऊ लागते.

या डोंगरावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्याला पहिला हिशेब करावा लागतो तो वजनाचा. उदाहरणार्थ, पक्ष्यांच्या हौशी छायाचित्रकारांत पुष्कळ दिसणारे निकॉनचे २०० ते ५०० मिलिमीटरचे झूम भिंग एकटेच सुमारे २ किलो ३०० ग्रॅम भरते; त्यात कॅमेरा, पाणी आणि शिदोरी यांची भर पडली, की खांद्यांना त्याची जाणीव पहिल्याच वळणावर होते. एवढे ओझे वाहून नेल्यावरही समोरच्या झाडावरचा पक्षी चित्रात बोराएवढाच यावा, आणि याहून लांब पल्ल्याचे भिंग न्यायचे म्हटले तर त्याचे वजन आणि किंमत दोन्ही आवाक्याबाहेर जावीत, अशा पेचात ज्या लहानशा उपकरणाची आठवण होते, ते म्हणजे टेलिकन्व्हर्टर. वरील भिंगासाठी असलेला १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर जेमतेम १९० ग्रॅमचा असतो, सदऱ्याच्या खिशात मावतो, आणि ५०० मिलिमीटरचा पल्ला ७०० वर नेतो.

हे घडते कसे, ते समजून घेणे कठीण नाही. भिंग आणि कॅमेरा यांच्या मधोमध हे काचांचे कडे बसते. मूळ भिंगातून आलेले किरण एका बिंदूकडे धाव घेत असतात. कड्यातील काचांचा एकत्रित गुणधर्म अपसारी, म्हणजे किरण फाकवणारा असल्यामुळे, ती धाव थोडी मंदावते, किरण अधिक दूर जाऊन एकत्र येतात, आणि प्रतिमा त्या प्रमाणात विस्तारते. ही युक्ती नवी नव्हे. पीटर बार्लो (१७७६–१८६२) या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे भिंग दुर्बिणीत याच तत्त्वावर काम करते, आणि १९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या परंपरेत वाढलेल्या आकाशनिरीक्षकांना ‘बार्लो’ हा शब्द मुळीच अपरिचित नाही. शनीची कडी मोठी दिसावीत म्हणून ते जे करतात, तेच आपण घारीसाठी करतो.

मात्र या विस्ताराचा सारा प्रकाशाच्या रूपाने भरावा लागतो, आणि त्यात सूट नाही. प्रतिमा लांबी-रुंदीत १.४ पट झाली म्हणजे क्षेत्रफळात दुप्पट झाली. तोच प्रकाश दुप्पट जागेत पसरला म्हणजे प्रत्येक ठिकाणी निम्मा उरला. म्हणून एफ ५.६ चे भिंग एफ ८ चे होते. दोन पटीचा कन्व्हर्टर लावला तर प्रकाश चौथाईवर येतो आणि तेच भिंग एफ ११ वर जाऊन बसते. सकाळच्या ज्या उजेडात आयएसओ ८०० आणि सेकंदाचा हजारावा भाग यांवर काम भागत होते, तिथे पहिल्या कड्याने आयएसओ १६०० होतो, दुसऱ्याने ३२००. आणि पल्ला वाढल्यामुळे हाताचा कंपही त्याच प्रमाणात वाढून दिसत असल्याने, शटर मंद करून ही तूट भरून काढण्याची सोयही राहत नाही. जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांत एफ ८ ला ऑटोफोकस मध्यभागीच्या मोजक्या बिंदूंवरच चालतो, पुष्कळांत मुळीच चालत नाही. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांनी ही अडचण बरीचशी दूर केली आहे.

यावर कोणी विचारील की, घरी येऊन चित्राचा मधला भागच कापून मोठा का करू नये? प्रश्न रास्त आहे. २४ मेगापिक्सेलचे चित्र १.४ पटीने कापले तर १२ मेगापिक्सेल उरतात, दोन पटीने कापले तर ६. भिंग मुळात कसदार असेल, उजेड भरपूर असेल, तर १.४ पटीचा कन्व्हर्टर कापलेल्या चित्राहून पिसांचे अधिक बारकावे निश्चित देतो. परंतु टेलिकन्व्हर्टर नवे काही पाहत नाही; भिंगाने जे पाहिले तेच तो मोठे करतो, आणि त्यात भिंगाचे दोषही आले. म्हणून एफ ५.६ च्या झूमला दोन पटीचे कडे लावून डोंगर चढणे मला वजनाचाही अपव्यय वाटतो. ते कडे शोभते एफ २.८ च्या ७०–२०० मिलिमीटरला, ज्याचे ते १४०–४०० मिलिमीटर आणि एफ ५.६ असे रूपांतर करते. विकत घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. काही झूम भिंगांत कड्याचे पुढे आलेले नाक आत शिरायला जागाच नसते. कॅननच्या १००–५०० मिलिमीटरच्या आरएफ भिंगावर १.४ चे कडे ३०० मिलिमीटरच्या पुढेच चालते, सबब ते लावलेले असताना भिंग पूर्ण मिटून पिशवीत ठेवता येत नाही, आणि वाट चालणाऱ्याला ही लहान अडचण नव्हे.

महाळुंग्याच्या परिसरात याहून मोठा शत्रू म्हणजे तापलेली हवा. दहा वाजून गेले की पत्र्याची छपरे, डांबरी रस्ते आणि उघडा कातळ यांवरून उष्ण हवेच्या लाटा उठू लागतात, आणि दोनशे मीटरांवरचा पक्षी पाण्याखाली असावा तसा थरथरू लागतो. कन्व्हर्टर ती थरथरही इमानाने मोठी करतो. मग कितीही महागाचे भिंग असो, चित्रात पिसाच्या जागी पीठ दिसते. कडे लावायचे ते सकाळीच लावावे, आणि तेही वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून. कारण या पट्ट्यातली धूळ फार बारीक असते. पावसाळ्यात घरी परतल्यावर कडे भिंगापासून वेगळे करून कोरडे करावे, नाहीतर काचेवर बुरशीची जाळी धरते.

दूर पाहण्यासाठी घेतलेल्या या उपकरणाचा एक गुण जवळ पाहण्याचा आहे, आणि तो फारसा कोणी वापरत नाही. भिंगाचे किमान फोकस-अंतर कन्व्हर्टरने बदलत नाही, प्रतिमा मात्र वाढते. निकॉनचे वर सांगितलेले भिंग २.२ मीटरांवरून फोकस करते. तेवढ्याच अंतरावरून फूल आता १.४ पट मोठे मिळते. भाद्रपदात पठारावर सोनकी आणि तेरडा फुललेले असताना वाट सोडून एक पाऊल टाकले तरी दहा रोपे मोडतात; नीलवंत, ज्याला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला, तो तर हातभर अंतरावर कोणालाच येऊ देत नाही. अशा वेळी वाटेवरच गुडघा टेकून काम होते.

माझ्या मते या कड्याचे खरे मोल एका साध्या गणितात आहे. ५०० मिलिमीटरने ५० मीटरांवरून पक्षी जेवढा दिसतो, तेवढाच तो ७०० मिलिमीटरने ७० मीटरांवरून दिसतो. हे वीस मीटर सह्याद्रीत फार मोठे असतात. कधी ते डोंगरकड्याच्या पलीकडे पडतात, जिथे घसाऱ्यावर टाकलेले पाऊल परत घेता येत नाही. आणि कधी ते पक्ष्याच्या विश्वासाचे असतात, जे ओलांडले की अंड्यांवर बसलेली मादी उठते आणि अंडी उन्हात उघडी पडतात. याच तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचे अभयारण्य आहे, १९८५ साली घोषित झालेले; तिथला शेकरू हा आपला राज्यप्राणी. फांदीवरचे त्याचे गोल घरटे दिसले की झाडाखाली जाऊन टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. अभयारण्यात वन्यप्राण्याला त्रास देणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण कायद्याची आठवण करून देण्याची वेळच येऊ नये.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भामचंद्राच्या उतरणीवर, बाभळीच्या वाळक्या शेंड्यावर कापशी घार बसलेली दिसली. कडे लावलेलेच होते. मी वाटेवर खाली बसलो, कोपर गुडघ्यावर टेकवले, श्वास रोखून पाच-सहा चित्रे घेतली आणि पुढे गेलो नाही. संध्याकाळी ती मोठी करून पाहिली, तेव्हा पाठीच्या राखी पिसांना फिकट कडा दिसल्या, आणि डोळा, जो प्रौढ घारीचा माणकासारखा लाल असतो, तो अजून तपकिरीच होता. ते पिल्लू होते, नुकतेच घरट्याबाहेर पडलेले. शेवटच्या चित्रात त्याची मान वर वळलेली आहे, आणि चौकटीच्या कोपऱ्यात, फोकसबाहेर, उतरत येणाऱ्या एका पंखाचे काळे टोक आहे.