प्रार्थनेच्या रांगेतील नवा विद्यार्थी

माणिकगडच्या पहाडावरील गुड्यांतून पुढील शिक्षणासाठी गडचांदूरला उतरणारा गोंड वा कोलाम विद्यार्थी अंतराने फार दूर आलेला नसतो. परंतु घरची बोली, घरचे देव आणि घरची माणसे मागे ठेवून तो आलेला असतो. सिमेंटच्या कारखान्यांनी या गावात नाना प्रांतांची माणसे आणून वसविली. अशा ठिकाणी नवख्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न बहुधा आडनावाचा असतो, आणि त्याच्या उत्तरात जात आपोआप कळते. (हजेरीपटाने हे काम आधीच केलेले असते, हा भाग वेगळा.) मग संध्याकाळी खोलीवर परतल्यावर आपण येथे कोणाचे, ही चिंता अभ्यासाहूनही मोठी होऊन बसते.

या एकटेपणावर विदर्भाने शोधलेला एक उपाय म्हणजे सामुदायिक प्रार्थना. चिमूरच्या अरण्यात साधना केलेल्या तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या द्वारे ही प्रार्थना गावोगावी नेली. सायंकाळची ठरलेली वेळ, सरळ रांगा, काही काळ मौन आणि जातिपंथाचा भेद न ठेवता सर्वांनी एकत्र बसणे, एवढीच तिची मांडणी. तिचे मर्म भक्तीइतकेच या मांडणीतही आहे. नवागताला तेथे काही सिद्ध करावे लागत नाही. रांगेत मोकळी जागा दिसते, तो बसतो; मौनात बोलीची अडचण येत नाही. आणि चार दिवसांनी तो आला नाही, तर शेजारच्याला त्याची जागा रिकामी दिसते. कोणीतरी चौकशीला खोलीवर जाते. परक्या गावात राहिलेल्यालाच या चौकशीचे मोल कळेल.

२००५ साली नागपूर विद्यापीठाला महाराजांचे नाव मिळाले. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील महाविद्यालये तिकडे गेली. नामफलक बदलले; परंतु या प्रार्थनेला विद्यापीठाच्या मान्यतेची गरज कधीच नव्हती.

तथापि केवळ रांगेत जागा मिळाल्याने सर्वांचे समाधान व्हावे, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. चंद्रपूरला, तेव्हाच्या चांद्याला, नागपूरच्या सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. शतकानुशतके दाराबाहेर ठेवलेल्या माणसांनी कोणी आत घेईल याची वाट न पाहता स्वतःचे घर उभारले, असा त्या घटनेचा अर्थ. आज त्या दीक्षाभूमीच्या परिसरात बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय आहे. ज्या आवारात वर्ग भरतात, तेथेच दर ऑक्टोबरात लोक वंदनेला जमतात. आजी-आजोबा जेथे वंदनेसाठी येत, तेथेच नातवंडाने वही घेऊन यावे, हे भाग्य फार थोड्या विद्यार्थ्यांना लाभते.

पहाडावरच्या मुलाला ते अद्याप लाभलेले नाही. त्याला रांगेत बसविणारे पुष्कळ भेटतात. त्याचा भीमायक कोण, जंगुबाई कोण, हे विचारणारे थोडे. सर्वधर्मसमभावाच्या भाषणांत चार-पाच मोठ्या धर्मांची नावे येतात आणि वक्ता खाली बसतो. गोंडांची जंगुबाईची यात्रा महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरील डोंगरात पौषात भरते. त्या वेळी दिवाळीची सुट्टी सरलेली असते आणि उन्हाळ्याची दूर. घरचे सर्व लोक गाडीबैल जुंपून निघत असता हा मुलगा गडचांदूरला घटक चाचणीचा अभ्यास करीत बसतो, अथवा न सांगता निघून जातो आणि परत आल्यावर गैरहजेरीचे कारण ‘आजारी’ असे लिहितो. देवाला जाऊन आल्याचे खरे कारण त्याला लिहिता यावे आणि शिक्षकाने ते वाचून यात्रेची दोन शब्दांनी विचारपूस करावी, याला कोणत्याही परिपत्रकाची आवश्यकता नाही. सोबत्यांपैकी दोघे-तिघे पुढच्या पौषात त्याच्याबरोबर पहाड चढून गेले, तर गाडीत जागा होईलच.