अडकलेला पाय सुटतो कसा?

सायकल थांबवताना आपण पाय सरळ उचलतो आणि जमिनीवर टेकवतो. 'क्लिपलेस' पेडलच्या सायकलीवर नेमकी हीच सवय आपल्याला पाडते.

पूर्वी शर्यतीच्या सायकलींवर पाय धरून ठेवण्यासाठी क्लिप व पट्टा असे. १९८४ साली फ्रान्समधील 'लुक' कंपनीने स्कीला बूट अडकवण्याच्या युक्तीवरून नवे पेडल आणले. क्लिप गेली, म्हणून नाव 'क्लिपलेस'! १९८५ मध्ये बर्नार इनो यांनी ते वापरून 'टूर द फ्रान्स' जिंकली.

बुटाच्या तळाशी 'क्लीट' नावाचा तुकडा बसवलेला असतो. पेडलवर दाब देताच तो स्प्रिंगच्या पकडीत खटकन बसतो. पेडल मारताना आपण पाय खाली दाबतो, मागे ओढतो, वर उचलतो. पण टाच बाहेर वळवत नाही. म्हणूनच सुटकेसाठी ही दिशा राखून ठेवली आहे. टाच बाहेर वळवली की पकड सुटते.

चालत्या सायकलीवर आपण हँडल किंचित वळवत तोल सावरतो. वेग शून्य झाला की हा उपाय संपतो. तेव्हा पाय अडकलेला असेल, तर आपण आडवे होतो.

म्हणून आधी स्प्रिंग सैल ठेवावी. भिंतीचा आधार घेऊन एकेक पाय अडकवावा, सोडवावा. मग मैदानावर, थांबण्यापूर्वीच एक पाय मोकळा करण्याचा सराव करावा.

नियम डोक्याला मिनिटात समजतो. पायाला मात्र तो पुन्हा पुन्हा करूनच कळतो. वर्गातही आपला अनुभव याहून वेगळा असतो का?