नेवाशाची पांढर

नेवाशाला माणूस जातो तो पैसाच्या खांबासाठी. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. त्या खांबावर एक संस्कृत लेख आहे. विषय अगदी व्यवहाराचा: देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेले दान. दर्शनाला आलेले लोक तो न वाचता डोके टेकतात आणि परततात. प्रवरेकाठच्या लाडमोड नावाच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडाकडे मात्र सहसा कोणी फिरकत नाही.

हे टेकाड डॉ. ह. धी. सांकलिया यांनी डेक्कन कॉलेजतर्फे १९५४ ते १९५६ या काळात खणले. बरोबर शां. भा. देव आणि झेड. डी. अन्सारी होते. १९६० साली निघालेल्या जाडजूड अहवालाच्या नावातच इतिहासाकडून प्रागितिहासाकडे जाण्याचा उल्लेख आहे, आणि तो नेमका आहे. खणणारा वरून खाली उतरतो. त्याला नातू आधी भेटतो, आजोबा मागाहून.

सगळ्यात वर मुसलमानी-मराठा काळाचा थर लागला, साधारण इ.स. १४०० ते १७०० चा. त्याच्या खाली थेट सातवाहनांचा काळ. भूमध्य समुद्राकडून दारू भरून येणाऱ्या दोन कानांच्या कुंभांची, म्हणजे अँफोराची, खापरे या थरात निघाली. सातवाहनांची राजधानी पैठण इथून फार लांब नाही, तेव्हा हा माल इथवर पोचला यात नवल नाही. नवल वेगळेच आहे. इ.स. २०० च्या सुमारास टेकाडावरची वस्ती उठली ती हजार-बाराशे वर्षे परत बसलीच नाही. म्हणजे ज्या काळासाठी नेवासे महाराष्ट्रभर वंद्य आहे, तोच काळ लाडमोडच्या थरांत नाही! ज्ञानदेवांच्या वेळचे गाव दुसरीकडे नांदत असणार. खांब त्याची साक्ष द्यायला उभा आहेच. गाव एकाच जागी थरावर थर चढवत वाढते, ही आपली समजूत भाबडी आहे. गावे सरकतात.

सातवाहनांच्या खाली ताम्रपाषाणयुगातले शेतकरी सापडले, इ.स.पू. १५०० ते १००० च्या दरम्यानचे. त्यांची तांबडी, काळ्या रेघांची, तोटीची भांडी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी आधीच मिळाली होती. लहान मूल गेले की ही माणसे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, मूल त्यात घालून घरातल्याच जमिनीखाली पुरत. अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांबे गंजले, आणि त्या गंजामुळेच मण्यांच्या भोकातला दोरा टिकला. तंतुतज्ज्ञ अ. न. गुलाटी यांनी तो तपासला, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही आढळले. प्रवरेकाठी, तीन हजार वर्षांपूर्वी, रेशीम! त्या वेळी ते पचायला जड गेले असल्यास नवल नाही. पण २००९ साली सिंधू संस्कृतीतल्या हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांत त्याहून जुने, रानरेशमाचे धागे असल्याचे प्रसिद्ध झाले. त्यानंतर नेवाशाचा दोरा मला तरी अपवाद वाटत नाही.

टेकाड तिथे संपले, नेवासे संपले नाही. नदीच्या कापलेल्या काठात तळाशी मोठ्या गोट्यांचा थर आहे. त्यात काळ्या दगडाच्या हातकुऱ्हाडी आणि पसरट धारेच्या फरश्या मिळतात. त्याच्या वरच्या, बारीक वाळूगोट्याच्या थरात मात्र गारगोटीच्या जातीच्या रंगीत दगडांच्या छोट्या तासण्या. हत्यारे बदलली, दगड बदलला, आणि दोन्ही गोष्टी एकावर एक अशा क्रमाने समोर होत्या. भारतात मध्य पुराश्मयुग वेगळे ओळखले जाऊ लागले ते मुख्यतः या पुराव्यावरून. पुढे गुडरुन कॉर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने जवळच्या चिरकी ओढ्याकाठी खणून हातकुऱ्हाडींचा मोठा साठा उजेडात आणला. सांकलियांच्या कामातले माझ्या मते सर्वांत मोलाचे हेच: टेकाड संपल्यावर ते थांबले नाहीत, काठ वाचत गेले.

पांढरीची माती पिकाला चांगली म्हणून गाड्या भरभरून शेतात नेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आता त्या कामाला जेसीबी आला. तुमच्या गावच्या पांढरीत रेघांचे तांबडे खापर किंवा तोंडाला तोंड लावलेले कुंभ दिसले, तर खोदणे तिथेच थांबवा, काही उचलू नका आणि राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.