चिखल, गाळ आणि वठलेले झाड

पक्षिनिरीक्षणाच्या सहलीस प्रथमच निघालेल्या मनुष्याची दृष्टी साहजिकच पक्ष्याच्या रंगांकडे धावते. परंतु ज्याने एकाच किनाऱ्यावर, एकाच पाणथळीवर किंवा एकाच रानात वर्षानुवर्षे हिंडून ऋतूंचा क्रम मनात साठविला आहे, असा वाटाड्या त्याला पक्ष्याआधी पक्ष्याच्या पायाखालची भूमी पाहावयास लावतो, आणि अशा सहलींचे शास्त्रीय मूल्य मुख्यतः या एका सवयीत आहे. चोचीची लांबी, पायांची उंची, बोटांचा पसारा ही सर्व त्या त्या अधिवासाशी युगानुयुगे चाललेल्या व्यवहाराची फळे असल्यामुळे, भूमी न वाचता पक्षी ओळखणे म्हणजे नुसती नामावळी पाठ करणे होय. किनारा, पाणथळ आणि अरण्य या तिन्ही ठिकाणी जो जाणत्या माणसाबरोबर फिरतो, त्याला हेही उमगते की मनुष्याच्या जमाखर्चात ज्यांना काडीचीही किंमत नाही, अशा तीन वस्तूंवर पक्षिसृष्टीचे फार मोठे वैभव उभे आहे: खाडीकाठचा चिखल, जलाशयातला गाळ आणि रानातले वठलेले झाड.

अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी पाहावयाचे, तर प्रथम पंचांग पाहावे लागते. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची ढोबळ वेळ निघते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. त्याप्रमाणे चतुर्थीस सुमारे तीन वाजता आणि अष्टमीस सुमारे सहा वाजता भरती पूर्ण होते. ओहोटीच्या वेळी पक्षी दूरवर उघड्या पडलेल्या चिखलात विखुरलेले असतात आणि पाणी चढू लागले म्हणजे तेच हळूहळू काठाकडे लोटले जातात. म्हणून अनुभवी वाटाड्या मंडळींना भरती चढत असतानाच किनाऱ्यावर आणून उभे करतो. मग एकाच चिखलाचे वाटे किती सूक्ष्मपणे झाले आहेत ते दिसू लागते. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे, म्हणून तो चार पावले धावतो, थबकतो आणि पृष्ठभागावरचाच किडा टिपतो. तुतवार आपली चोच थोडी खोल खुपसतो. लांब, वाकड्या चोचीचा कोरल बिळातले किडे आणि खेकडे ओढून काढतो. आणि कालवफोड्या आपल्या बळकट तांबड्या चोचीने शिंपल्यांची कवाडे उघडतो. तुतवारांच्या कुळातील अनेक पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब जाणणारी सूक्ष्म ज्ञानेंद्रिये असल्यामुळे, डोळ्यांना न दिसणारे भक्ष्य त्यांना स्पर्शानेच कळते.

यांपैकी पुष्कळ पक्षी उत्तरेकडील दूरच्या प्रदेशांतून येतात आणि वसंतात परतण्यापूर्वी अंगावर चरबी साठवितात. काही जातींचे वजन त्या काळात जवळजवळ दुप्पट होते. अशा वेळी छायाचित्राच्या हौसेने थवा उडविणे म्हणजे प्रवासाला निघालेल्याची शिदोरी हिरावून घेणे होय, आणि म्हणूनच थव्यापासून अंतर राखण्याविषयी वाटाड्याचा आग्रह हा शिष्टाचार नसून शरीरशास्त्राची मागणी आहे. याच अलिबाग परिसरातील किहीम येथे पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला. एकच नर अनेक घरटी विणतो आणि मादी त्यांतून पसंतीचे घरटे निवडते, हे त्यांना एका जागी दीर्घकाळ बसून पाहिल्यामुळेच कळले. धीराने पाहणे हीसुद्धा एक शास्त्रीय पद्धती आहे, याचा हा उत्तम दाखला होय.

घाट चढून नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात आले, म्हणजे गाळाची कथा सुरू होते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमधमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला तो शेतीला पाणी मिळावे म्हणून. पुढे नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे उभी राहिली, पाणवनस्पती माजल्या, आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जी हानी ठरली तिनेच पक्ष्यांसाठी समृद्ध वसतिस्थान निर्माण केले. या जागेस रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले रामसर स्थळ. तेथे शेकाट्या आपल्या उंच गुलाबी पायांवर उथळ पाण्यात चालतो. चमचा आपली पसरट चोच डावीकडून उजवीकडे फिरवीत पाणी चाळतो. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडांना दाते असून त्यांतून तो सूक्ष्म जीव गाळून घेतो. कमळपक्ष्याची लांबलचक बोटे त्याचा भार तरंगत्या पानांवर वाटून देतात. आणि वारकऱ्याच्या बोटांना असलेल्या पाळ्या पोहताना वल्ह्यांचे काम करतात. पाण्याची खोली वीतभर बदलली की यांतील कोणाचे तरी ताट उचलले जाते, हे ज्याच्या ध्यानी आले, त्याला गाळाकडे पाहण्याची नवी दृष्टी लाभते.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात, हेच ज्ञान मासेमारांच्या मुखातून ऐकावयास मिळते, कारण तेथील कित्येक नावाडी हिवाळ्यात पक्षिनिरीक्षकांना आपल्या होडीतून घेऊन जातात. तिबेट आणि मंगोलियातील सरोवरांकाठी वीण करणारा पट्टकादंब हंस तेथे ते दाखवितात; हिमालय ओलांडताना हा पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद उपकरणांनी केली आहे, आणि विरळ हवेतही प्राणवायू पकडून ठेवणारे त्याचे रक्त हे त्या सामर्थ्याचे एक कारण आहे.

अरण्यात मात्र डोळ्यांची सत्ता संपून कानांची सुरू होते. १९६८ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या पनवेलजवळच्या कर्नाळ्यात वाटाड्या बहुधा पक्षी पाहण्यापूर्वीच त्याचे नाव सांगतो. तेथे कधी बराच वेळ रान निःशब्द असते आणि एकाएकी अनेक जातींचे पक्षी मिळून खाद्य शोधीत समोरून जातात. अशा मिश्र थव्यांत भृंगराज कोतवाल पहारेकऱ्याचे काम करतो आणि इतरांनी उठविलेल्या कीटकांवर आपले पोट भरतो. श्रीलंकेतील सिंहराज अरण्यात झालेल्या अभ्यासातून असे दिसले आहे की तो इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करून त्यांना आपल्याकडे ओढूनही घेतो. याच रानात सुतार आणि तांबट वठलेल्या खोडांत व फांद्यांत ढोली कोरतात, आणि ते निघून गेल्यावर स्वतः कोरू न शकणारे इतर पक्षी त्या ढोलींत संसार थाटतात. वाळलेले झाड तोडून नेले, की एका पक्ष्याचे नव्हे तर पुढच्या कित्येक भाडेकरूंचे घर जाते.

मनुष्याच्या जमाखर्चात मात्र हे सारे निरुपयोगी ठरते; पडीक जमिनींच्या सरकारी नकाशासंग्रहात दलदलीची आणि किनारी वाळूचीही गणना झालेली आहे. खाजणे भरून काढावीत, गाळ सरसकट उपसावा, वाळके लाकूड हटवावे, असे मनसुबे या दृष्टीतून सहज निघतात. जलाशयातला गाळ काढणे शेतकऱ्यासाठी काही ठिकाणी आवश्यकही असते; परंतु कोठला काढावा आणि कोठला राखावा, हे ठरविताना त्या जागेवर कोण जगते याची लेखी माहिती हाताशी असली पाहिजे, आणि ती माहिती तारीखवार, जातवार आणि स्थलवार टिपण ठेवणाऱ्या सामान्य निरीक्षकांच्या वह्यांतूनच फार मोठ्या प्रमाणात उभी राहू शकते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे आहे: येत्या हिवाळ्यात स्थानिक वाटाड्याबरोबर जा आणि त्याचा योग्य मेहनताना त्याला द्या, घरट्याजवळ ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नका आणि थवे उडवू नका, जे पाहाल त्याची स्थळ-काळासह नोंद करा, आणि आपल्या गावची खाजणे अथवा तळे बुजविण्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल, त्या दिवशी ती वही घेऊन सभेस हजर राहा.